युरोपात नव्या देशांच्या लॅबना रिसर्चचा पैसा कमी का जातो? कँटीनमध्ये भांडण झालंय, मदत करा

थिनफिल्म_मास्तर, सांगली

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणारे, आधीच सांगतो.

मी सांगलीजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, थिन फिल्म आणि गॅस सेन्सर हा आमचा उद्योग (आपल्या पट्ट्यात दर तिसरा फिजिक्सवाला हेच करतो, हसू नका). माझा एक जुना विद्यार्थी सध्या स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हाला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आहे. परवा त्याचा फोन आला, पोरगं जाम खूष, की त्यांच्या लॅबला एका चालू असलेल्या मोठ्या युरोपियन प्रोजेक्टमध्ये मागनं घेतलं, 'हॉप ऑन' म्हणून काहीतरी स्कीम आहे. आणि त्याच दमात म्हणतो, सर पण पहिल्याच मीटिंगला कॉफी घेताना एक जण बोलला की तुम्ही काय बुवा, परीक्षा न देताच वर्गात बसलात.

हे मी कँटीनमध्ये सांगितलं आणि चहा गार झाला तरी भांडण थांबंना. केमिस्ट्रीचे सर म्हणाले हा कोटाच झाला, विज्ञानात कोटा शिरला की खेळ खलास. बॉटनीच्या मॅडम म्हणाल्या सर तुम्ही स्वतः सात वर्षं सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवत होता तेव्हा मेरिट कुठं गेलं होतं. मग काय, पेटलंच. शेवटी प्राचार्यांनी मला शनिवारी स्टाफ अकॅडमीत यावर अर्धा तास बोलायला लावलंय, विषय काढला म्हणून शिक्षा.

मला माहितीय ते एवढंच. युरोपियन युनियनचा रिसर्चला पैसा देणारा सध्याचा कार्यक्रम होरायझन युरोप, २०२१ ते २०२७, साधारण ९५.५ अब्ज युरो. युनियनमध्ये २००४ ला एकदम १० देश आले, २००७ ला रोमानिया आणि बल्गेरिया, २०१३ ला क्रोएशिया. या १३ देशांत युनियनची पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसं राहतात आणि आधीच्या होरायझन २०२० मधून त्यांच्या पदरात पडले जेमतेम ५ टक्के. आता तिथली माणसं काय कमी डोक्याची आहेत का? मग असं का होतं, आणि त्यावर काढलेल्या स्कीमांनी खरंच काय फरक पडतो का नुसतं तोंडाला पानं पुसलीत, हे कुणी सांगेल का? ज्याला आतलं माहितीय त्याने लिहा, पेपरात आलेलं मी वाचलंय.

हळद_सौदा, सांगली मार्केट यार्ड

मास्तर, मी शास्त्रज्ञ नाही, पण पैशाचं कळतं. सौद्यात हळद आली की आम्ही वाळवण बघतो, मोडून आतला रंग बघतो, मग बोली. कुठल्या गावची, शेतकरी गरीब का श्रीमंत, हे कोण विचारतंय? तिथं पण अर्ज वाचून मार्क देत असतील तर ज्याचा माल चांगला त्याला पैसा, विषय संपला. जर्मन माणसाच्या टॅक्समधनं जायचंय ते, त्यालाही काहीतरी वाटत असेल की. मदत करायचीय तर रस्ते बांधा, पूल बांधा, त्यासाठी वेगळा फंड असतो म्हणे त्यांचा. रिसर्चमध्ये कशाला दयामाया.

जतचा_दुष्काळी

हळदवाले दादा, सौद्यापर्यंत हळद यायच्या आधी रानात पाणी लागतं की ओ.

आमच्या जतेत माती वाईट नाही. माणूस आळशी नाही. पण कृष्णा वाहती वाळव्या-पलूसकडनं, त्यामुळं तिकडं ऊस आणि आमच्याकडं टँकर, आणि वर परत तिकडचा माणूस आम्हाला सांगणार की आमचं एकरी उत्पादन बघा, तुमचं बघा. अरे एकरी उत्पादन कुणाचं, तुझं का नदीचं? म्हैसाळचं पाणी उपसा करून टप्प्याटप्प्यानं वर आणलं तेव्हा कुठं आमच्याकडच्या काही गावांनी हिरवं बघितलं. पाण्याला आपोआप वर चढता येत नाही, पंप लावावा लागतो. पैशाचं पण तसंच असणार.

मिरजेची_प्रोजेक्टवाली

सर, मी पोलंडमध्ये क्राकोला साडेचार वर्षं एका संशोधन संस्थेच्या ग्रँट ऑफिसात होते, आता मिरजेत परत. अर्ज भरणे, बजेट बसवणे, रिपोर्ट पाठवणे हेच काम, त्यामुळे यातलं विज्ञान मला विचारू नका, बाकीचं विचारा.

पहिली गोष्ट. हे अर्ज एकट्याने करायचे नसतातच (ईआरसीसारखे एकट्या शास्त्रज्ञाचे सोडून). मोठ्या प्रोजेक्टला किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था लागतात आणि प्रत्यक्षात आठ-दहा-पंधरा असतात. आता या टोळीत कोण कोणाला घेतं? ज्याच्याबरोबर मागच्या वेळी काम केलंय त्याला. युनियनचा पहिला फ्रेमवर्क प्रोग्रॅम (होरायझन ही त्याचीच पुढची आवृत्ती) १९८४ चा आहे. पोलंड आलं २००४ ला. म्हणजे वीस वर्षं आधीच सगळ्यांनी एसटीत रुमाल टाकून ठेवलेत, आणि तुम्ही स्टँडवर पोचलात तेव्हा गाडी रिकामी दिसते पण प्रत्येक सीटवर कुणाचा तरी रुमाल. भांडून उपयोग नाही, कारण नियमाने कुणी चुकलेलं नसतं.

दुसरी गोष्ट अर्ज लिहिण्याची. होरायझन २०२० मध्ये आठातला एक अर्ज पास व्हायचा, साधारण १२ टक्के. म्हणजे सात वेळा फुकट मेहनत करायची ताकद असलेली संस्थाच टिकणार. जुन्या देशांतल्या मोठ्या संस्थांत यासाठी वेगळी माणसं असतात, वकील, बजेटवाले, इंग्रजी सुधारणारे. आमच्या ऑफिसात आम्ही दोघी आणि एक प्रिंटर, त्यातला प्रिंटर सिनिअर. शास्त्रज्ञ मुळीच कमी नव्हते हो! त्यांचं डोकं कागदावर चढवणारा कोणी नव्हता.

तिसरी गोष्ट पगार, यावर मात्र मी अजून चिडते. प्रोजेक्टमधून पगार मिळतो तो तुमच्या संस्थेच्या नेहमीच्या दराने. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच टेबलावर, नेदरलँड्सच्या मुलाला जेवढं मिळतं त्याच्या निम्म्याहूनही कमी बल्गेरियाच्या मुलीला मिळू शकतं, काम तेच. होरायझन २०२० मध्ये वर्षाला ८,००० युरोपर्यंत जादा मानधन देता यायचं, पण त्यालाही अटी आणि कागद इतके की आमच्याकडे लोक नको म्हणायचे. मग ती मुलगी काय करते? दोन वर्षांनी नेदरलँड्सला जाते. आणि तिचा पुढचा अर्ज तिथल्या संस्थेच्या नावाने पास होतो, आकडेवारीत तो जुन्या देशाचा यश म्हणून मोजला जातो.

दादा, तुमची हळद मोडून आतला रंग बघता येतो. इथे अर्जाचे तीन भाग असतात, विज्ञान किती भारी, परिणाम काय होणार, आणि काम पार पाडायची व्यवस्था कशी आहे. शेवटच्या दोन भागांत मार्क कुणाला जास्त पडणार, सांगा.

हळद_सौदा

ताई, तुमचं पटतंय थोडं. थोडंच. मग उपाय काय केले ते सांगा. आणि ते मागनं गाडीत चढवणं मला अजून पटलेलं नाही.

मिरजेची_प्रोजेक्टवाली

सांगते, जेवण झालं की.

हं. या सगळ्याला तिकडे 'वायडनिंग' म्हणतात, म्हणजे सहभाग रुंदावणे. होरायझन २०२० मध्ये त्याला एकूण बजेटच्या एक टक्क्याच्या आसपास पैसा होता, होरायझन युरोपमध्ये किमान ३.३ टक्के असा नियमच केला. दादा, तुमच्या कोट्याचा आकार हा एवढा, बाकी ९६ टक्क्यांहून जास्त पैसा पूर्वीसारखाच मार्कांवर जातो.

ट्विनिंग म्हणजे एका मागे राहिलेल्या संस्थेने पुढच्या किमान दोन संस्थांशी जोडी लावायची, माणसं तिकडे जाऊन शिकणार, तिकडची इकडे येणार. आधी यात फक्त येणं-जाणं आणि ट्रेनिंग होतं, लोक वैतागले की आम्ही किती वर्कशॉपला बसायचं, मग होरायझन युरोपमध्ये थोडं प्रत्यक्ष संशोधनही चालतं. ईआरए चेअर म्हणजे एखादा नावाजलेला शास्त्रज्ञ बाहेरून आणून त्याच्याभोवती टीम उभी करायची. टीमिंग सगळ्यात मोठं, अख्खं सेंटर उभारायचं, युनियनकडून १.५ कोटी युरोपर्यंत, पण तेवढाच पैसा देशाने किंवा दुसऱ्या फंडातून घालायचा. आणि सील ऑफ एक्सलन्स, ते मला आवडतं: अर्ज चांगला होता पण बजेट संपलं, तर सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवून स्वतःच्या देशातल्या फंडाकडून पैसा मागायचा. आमच्याकडे एका सरांनी ते फ्रेम करून लावलं होतं, पैसा मात्र आला नाही!

हॉप ऑन बद्दल सरांच्या विद्यार्थ्यानेच लिहिलेलं बरं, मी परत आल्यावर ते सुरू झालं.

निवृत्त_वाचक, सातारा

चर्चा उत्तम चालली आहे. एक उदाहरण आठवलं म्हणून लिहितो. कातालिन कारिको बाई, ज्यांना २०२३ चं नोबेल मिळालं, कोरोनाच्या एमआरएनए लसीमागचं संशोधन, त्या हंगेरीच्या, सेगेदला काम करायच्या. तिथल्या संशोधन केंद्रात पैसा संपला, नोकरी गेली आणि १९८५ मध्ये नवरा, लहान मुलगी यांच्यासह अमेरिकेला गेल्या. मुलीच्या टेडी बेअरच्या पोटात पैसे शिवून नेले होते. त्यावेळी युरोपने नव्या देशांकडे लक्ष दिलं असतं तर ते नोबेल युरोपात राहिलं असतं.

जतचा_दुष्काळी

काका, १९८५ ला हंगेरी युनियनमध्ये कुठं होती, तेव्हा तिकडं कम्युनिस्ट राजवट होती. गोष्ट भारी आहे पण या खटल्यात साक्षीदार म्हणून चालणार नाही.

निवृत्त_वाचक, सातारा

बरोबर आहे, चूक मान्य. पण त्याच सेगेदमध्ये आता एली नावाच्या मोठ्या लेझर सुविधेचा एक भाग आहे, बाकीचे चेकमध्ये प्रागजवळ आणि रोमानियात बुखारेस्टजवळ मागुरेलेला. तिन्ही ठिकाणं नव्या देशांत, आणि बांधकामाचा मोठा पैसा युरोपियन स्ट्रक्चरल फंडातला. ही साक्ष चालेल का?

ब्रातिस्लाव्हात_सांगलीकर

सर मीच तो. तुम्ही पोस्ट टाकलीय हे मला मित्राने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं 🙈 आता लिहितो सविस्तर, लॅबमध्ये व्हॅक्युम लागेपर्यंत तीन तास आहेत तसेही.

हॉप ऑन असं चालतं. आधीच सिलेक्ट होऊन चालू असलेला प्रोजेक्ट पाहिजे, आणि त्यात वायडनिंग देशाची एकही संस्था पैसा घेणारी नसली पाहिजे. म्हणजे गाडीत आपल्याकडचं कोणीच बसलेलं नाही अशीच गाडी. मग एक नवीन पार्टनर चढू शकतो, त्याच्यासाठी जादा पैसा वायडनिंगच्या डब्यातून येतो, जुन्या पार्टनरांच्या पैशातून नाही. हे हळदवाल्या काकांनी लक्षात घ्या, कुणाच्या ताटातला घास काढलेला नाही. आणि नवीन माणूस नुसता बसून चालत नाही, प्रोजेक्टमध्ये ज्याची कमतरता आहे असं काम घेऊन यावं लागतं, ते लिहून अर्ज करायचा आणि त्याला परत तज्ज्ञ बसून मार्क देतात. परीक्षा झाली, फक्त पुरवणी झाली. आमच्याकडे फिल्ममधला ताण मोजायचं जे सेटअप आहे ते त्या आठ पार्टनरांपैकी कुणाकडेच नव्हतं, ते सॅम्पल बाहेर पाठवायचे आणि महिना-महिना वाट बघायचे. कॉफीवाल्या माणसाला हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही कारण माझी जीभ उचलली नाही, आमच्या बॉसबाईंनी सांगितलं, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी पाच सॅम्पल दिली मोजायला.

पण सर, खरं सांगू का, कमीपणा वाटतोच. ईमेलच्या यादीत आपलं नाव शेवटी. काय मोजायचं हे ठरून गेलेलं असतं, आपण मोजून द्यायचं. रिकाम्या पानावर 'चला काय करूया' असं लिहायला बसतात त्या खोलीत आपण नसतो. ती खोली हाच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, बाकी पैसा येतो जातो.

हळद_सौदा

बाळा, पैसा कुणाच्या ताटातला नाही हे चांगलं सांगितलंस, ते मला कुणी बोललंच नव्हतं. पण एक विचारतो, राग मानू नको. तुझ्या त्या स्लोव्हाकियाचं सरकार स्वतः काय घालतंय? आमच्याकडं नातेवाईक मदतीला येतात तेव्हा पहिलं बघतात, घरचा कर्ता काय करतोय.

मिरजेची_प्रोजेक्टवाली

दादा, तुम्ही नकळत युरोपियन ऑडिटरांच्या रांगेत जाऊन बसलात. त्यांचा २०२२ चा रिपोर्ट आहे याच विषयावर. म्हणणं थोडक्यात असं की स्कीमांची आखणी ठीक आहे, पण टिकाऊ बदल व्हायचा असेल तर तो देशांच्या स्वतःच्या प्रयत्नांवर अवलंबून आहे. टीमिंगमध्ये देशाचा वाटा वेळेत आला नाही म्हणून सेंटरं रखडली. आणि वायडनिंगमधलाही बराच पैसा ठरावीक काही देशच घेऊन गेले, म्हणजे मागच्या बाकावरही पुन्हा पहिला नंबर तयार झाला.

युनियनने २००२ ला बार्सिलोनात ठरवलं होतं की जीडीपीच्या ३ टक्के रिसर्चवर खर्च करायचे. रोमानिया अजून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. आता अर्ध्या टक्क्यात लॅबचं लाईटबिल निघतं, प्रोफेसर टिकत नाही. उलट एस्टोनिया, स्लोव्हेनिया, सायप्रस हे छोटे देश माणशी हिशोबाने होरायझनमधून चांगला पैसा उचलतात. ते पण नवेच, २००४ चे. त्यामुळे नुसतं 'जुन्यांनी अन्याय केला' म्हणायलाही मी तयार नाही.

आणि यादीचीही गंमत बघा. वायडनिंग म्हणजे फक्त नवे देश नाहीत, आता त्यात पोर्तुगाल आणि ग्रीस पण आहेत, ते तर ऐंशीच्या दशकातले मेंबर. आणि होरायझन २०२० च्या यादीत लक्झेंबर्ग होता! माणशी उत्पन्नात युनियनमध्ये सगळ्यात वर. आकड्याच्या निकषात बसला म्हणून आत. आपल्याकडे बंगलेवाल्याचं पिवळं रेशनकार्ड निघतं ना, तसं.

हंगेरीचं तर आणखी वेगळं. तिथल्या सरकारने बरीच विद्यापीठं ट्रस्टकडे दिली, ट्रस्टवर राजकारणी, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये युनियनने अशा ट्रस्टच्या संस्थांशी नवीन करार थांबवले. भांडण दोन सरकारांचं आणि नुकसान लॅबमधल्या पोरांचं. हे कुठल्या स्कीमने भरून काढणार?

जतचा_दुष्काळी

म्हणजे म्हैसाळचंच झालं सगळं. मुख्य कालव्यात पाणी आलं की पेपरात फोटो येतो. पण पोटचारीच नाही, तर माझ्या रानात पाणी येणार कसं? आणि पंपाचं वीजबिल थकलं की वर्षभर मोटार बंद. कालवा काढणारा वेगळा, बिल भरणारा वेगळा, आणि दोघं एकमेकाकडं बोट दाखवणार. काका, तुमच्या त्या लेझरच्या बिल्डिंगी पण तशाच नाहीत ना? बांधायला पैसा एका फंडाचा, चालवायला कुणाचा?

निवृत्त_वाचक, सातारा

नेमकं. बांधायचा पैसा एकदाच येतो, चालवायचा दरवर्षी लागतो. म्हणून आता तिन्ही जागांचा खर्च सभासद देशांनी मिळून उचलायचा अशी व्यवस्था करायला घेतली, २०२१ ला ती सुरू झाली तेव्हा चेक आणि हंगेरीतल्या त्यात आल्या, रोमानियाची बाहेर राहिली. त्यामागची भांडणं मोठी आहेत, इथे नको.

थिनफिल्म_मास्तर, सांगली

सगळ्यांचे आभार, मी दोन दिवस वहीत उतरवून घेतोय. आता माझं म्हणणं ऐका, शनिवारी हेच बोलणार आहे, चूक असेल तर आत्ताच झोडपा.

कँटीनमधला वाद मेरिट का कोटा असा चालला होता, तो प्रश्नच चुकीचा मांडला होता. मेरिट अर्जात दिसतं, आणि अर्ज संस्था लिहिते, एकटा माणूस नाही. मी स्वतः एकदा दिल्लीला प्रपोजल पाठवलं, आमच्या तेव्हाच्या कॉलेजात (नाव नको) ते सही होऊन बाहेर पडायला सतरा दिवस, तारीख गेली. पुढच्या वर्षी पास झालं तर खरेदीच्या तीन कोटेशनात आणि यूसीच्या (पैसा कुठं खर्च झाला त्या दाखल्याच्या) कागदात एक अख्खा उन्हाळा गेला, विद्यार्थी पुण्याला निघून गेला. माझं विज्ञान दोन्ही वर्षी तेच होतं.

आणि आपल्याकडे पण हीच औषधं दिली जातायत हे मला ताईंचं वाचताना लक्षात आलं. टेअर स्कीममध्ये आपल्यासारख्या कॉलेजातला मास्तर आयआयटीत किंवा राष्ट्रीय लॅबमध्ये जाऊन काम करतो, ते ट्विनिंगचंच धाकटं भावंड. शुअर ही संशोधनाला पैसा देणारी स्कीम फक्त राज्य आणि खाजगी विद्यापीठं, कॉलेजं यांच्यासाठीच. आता एएनआरएफने (संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था) पेअर काढलंय, त्यात एक मोठी संस्था हब आणि बाकीची विद्यापीठं स्पोक. शब्दच बघा, हब आणि स्पोक. चाकात आरा कधी आस होतो का? माझ्या विद्यार्थ्याची ती 'खोली' इथे पण आहे. आणि दादांचा कर्ता पुरुषाचा मुद्दा आपल्यालाच आधी लागू, आपण देश म्हणून जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि रोमानियाला काय हसायचं.

म्हणून मी म्हणणार की हॉप ऑन चांगलं आहे पण ते चढण्यापुरतं. त्याच पैशातला काही भाग जर प्रत्येक छोट्या संस्थेत दोन पक्की नोकरी असलेली ग्रँट ऑफिसची माणसं ठेवायला दिला, दहा वर्षांसाठी, तर पुढच्या खेपेला गाडीचं तिकीट तेच काढतील. ताई, हे बरोबर का?

मिरजेची_प्रोजेक्टवाली

सर, माझ्या जुन्या प्रिंटरची शपथ, बरोबर. फक्त दहा वर्षांसाठी पैसा कुठलाच फ्रेमवर्क प्रोग्रॅम देत नाही, ते सातच वर्षांचे असतात. तिथे देशालाच यावं लागेल.

हळद_सौदा

मास्तर, शनिवारी मी येऊ का ऐकायला? भडंग आणतो. आणि एक बारीक शंका, त्या हॉप ऑनमध्ये जुन्या पार्टनरांपैकी एकानं नाही म्हटलं तर?

ब्रातिस्लाव्हात_सांगलीकर

तर संपलं काका, सगळ्यांची संमती लागते. आमच्या वेळी सात जणांनी आठवड्यात कळवलं. आठव्याचं तीन आठवडे उत्तर नाही, आमच्या बॉसबाईंना वाटलं विरोध आहे, झोप उडाली त्यांची. मग कळलं, त्यांच्या कायदा विभागातला माणूस सुट्टीवर होता. ऑगस्टमध्ये इकडे कुणीच जागेवर सापडत नाही, आपल्याकडे गणपतीत जसं.